लातूरच्या काकूंना, वहीबद्दल आणि हातमोज्यांबद्दल

काकू,

सा. न. वि. वि.

पत्र असं चारचौघांत लिहितेय, कारण तोंडावर आभार मानले की तुम्ही "हॅ, आभार कशाचे?" म्हणून सोयाबीनचा भाव विचारायला लागता. शिवाय लिव्हरचा रिपोर्ट हातात धरून बसलेलं दुसरं कुणीतरी हे वाचेल. तुमचं नाव कुठंच घातलेलं नाही. तुम्हाला कळेलच.

ह्यांचं आतड्याचं ऑपरेशन अचानक झालं. पोट फुगलं, सोलापूरला नेलं, रात्रीतच टेबलावर घेतलं. गाठ कॅन्सरची निघाली आणि मागोमाग स्कॅनमध्ये लिव्हरवर तीन डाग. एका डॉक्टरांनी फिल्म उजेडाकडे धरली, दोन मिनिटं पाहिली आणि म्हणाले, "चौथी स्टेज. लिव्हरमध्ये गेलंय. घरी न्या, आवडीचं खाऊ घाला." बाहेर आल्यावर दिरांनी सगळ्यात आधी सात-बारा कुणाच्या नावावर आहे ते विचारलं. गावात वेगळीच कुजबुज. लिव्हर म्हणजे दारू, एवढंच लोकांना माहीत. ह्यांनी उभ्या जन्मात दारूला हात लावला नाही, तरी दारू नडली म्हणून बोललं गेलं.

मुंबईला टाटात नाव घातलं ते खरं सांगायचं तर मनाच्या समाधानासाठी. नंतर कुणी म्हणायला नको, काही केलं नाही म्हणून.

पहिल्या केमोचा दुसरा दिवस. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, मे महिन्याची दुपार, अंगाची नुसती चिकचिक. ४६ तास थेंबथेंब जाणारं औषध कमरेला बांधलेलं. ह्यांनी माठातल्या पाण्याचा स्टीलचा तांब्या उचलला आणि करंट बसल्यासारखा टाकून दिला. तांब्या पायऱ्या उतरत खाली गेला, खण् खण् खण्. हे स्वतःच्या बोटांकडे बघत उभे, आणि मला वाटलं, झालं, आता हातही गेले.

तुम्ही खालच्या पायरीवर बसून लसूण सोलत होता. तांब्या पायानं अडवलात आणि वर न बघताच म्हणालात, "ऑक्सालीप्लाटिन हाय ना? थंडाला हात लावायचा न्हाई. पाणी बी कोमटच प्यायचं, न्हाईतर घसा आवळतो." चौथीपर्यंत शिकलेल्या बाईच्या तोंडून केमोच्या औषधाचं ते नाव इतकं घडाघडा आलं की मी रडायचं विसरले. मग तुम्ही खोलीतून तपकिरी लोकरीचे हातमोजे आणून दिलेत, काकांचे. त्यांचीही केमो चालू होती. मे महिन्यात दादरला लोकरीचे हातमोजे घालून फिरणारा माणूस बघून लोक हसायचे. हेसुद्धा हसायचे. ऑपरेशननंतर ते पहिल्यांदा हसले ते त्या हातमोज्यांवर.

आणि तुमची वही. दोनशे पानी, पुठ्ठ्यावर नातवाच्या शाळेचं लेबल. उजव्या पानावर केमोची तारीख, पांढऱ्या पेशी, लिव्हरचं काम दाखवणारं बिलीरुबीन, आणि सीईए, म्हणजे रक्तातली कॅन्सरची खूण. डाव्या पानावर वर "इचारायचं" असं लिहून खाली तीन ओळी. तीनच. "चौथा प्रश्न काढला की डॉक्टर घड्याळाकडं बघतेत," म्हणालात. त्या रात्री वहीचं एक पान फाडून माझ्याकडून तुम्ही तीन प्रश्न लिहून घेतलेत. लिव्हरमध्ये गाठी किती? कुठल्या बाजूला? काढता येतील का?

मी म्हटलं, काकू, पसरलेला कॅन्सर काढतात का कुठं?

तेव्हा तुम्ही समजावलंत ते मी आता दुसऱ्यांना सांगते. आतड्याचं रक्त परत फिरतं ते आधी लिव्हरमध्ये जातं. पाटाचं पाणी जसं पहिल्या वाफ्यात शिरतं तसं. म्हणून आतड्याचं बी वाहत आलं की पुष्कळदा तिथंच अडकतं. तो लिव्हरचा कॅन्सर नव्हे, लिव्हरमध्ये गेलेला आतड्याचाच. औषधं आतड्याच्या कॅन्सरची. आणि वाफ्याच्या एकाच कोपऱ्यात उगवलं असेल तर तेवढा कोपरा कापता येतो, कारण लिव्हर म्हणजे लसूणघास, कापला की पुन्हा फुटतो. पुढे ऑपरेशनवाल्या डॉक्टरांना मी भीतभीत हे घासाचं सांगितलं. ते म्हणाले, ठेवण पहिल्यासारखी होत नाही, पण उरलेला भाग वाढून बहुतेक तेवढा होतो. केमो झालेल्या माणसाला निदान तिसरा हिस्सा चांगला राखावा लागतो. म्हणजे घास बरोबरच होता.

तिन्ही गाठी उजवीकडे निघाल्या. सहा केमोंत बारीक झाल्या, मग उजवा भाग काढला, मग पुन्हा सहा केमो. एवढं एका ओळीत लिहिलं, पण त्यातली एकेक रात्र कशी गेली ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

काकू, एक गोष्ट मला फार उशिरा कळली. काकांच्या गाठी लिव्हरच्या दोन्ही बाजूंना होत्या, त्यांचं ऑपरेशन होणार नव्हतं, आणि हे तुम्हाला त्या लसणाच्या दुपारच्या आधी चार महिने ठाऊक होतं. जो प्रश्न तुम्ही माझ्याकडून लिहून घेतलात, तो तुमच्या वहीत आधीच लिहिलेला होता, पुढे "न्हाई" असं. आमचं "हो" आलं तेव्हा धर्मशाळेत पेढे वाटायला तुम्हीच पुढे होता. तुमच्या जागी मी असते तर मला जमलं नसतं. खोटं कशाला बोलू.

मी एकदा विचारलंही होतं, ऑपरेशन नाही म्हटल्यावर तुम्ही कशाच्या जोरावर बसता? तुम्ही म्हणालात, "आशा म्हंजे पंधरवडा. ह्या केमोपासून त्या केमोपर्यंत. त्यात एक काम ठरवायचं." कधी नातीचं बारसं, कधी तुरीची रास, कधी नुसतं बोअरचं काम. काका त्या कामासाठी जेवायचे. आता ते गोळ्यांवर आहेत, पारावर बसून लोकांना फवारणीचं शिकवतात असं परवा फोनवर म्हणालात. बोटांना अजून मुंग्या येतात, तरी गुंड्या स्वतः लावतात. मला हे आमच्या ऑपरेशनपेक्षा लहान वाटत नाही.

सगळं बरं होईल, असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. बाकी सगळे म्हणत होते, आणि प्रत्येक वेळी माझ्या पोटात खड्डा पडायचा. तुम्ही म्हणायचात, "उद्या आरोग्यमित्राकडं रेशनकार्ड घेऊन जा." आरोग्यमित्र म्हणजे सरकारी योजनेची कागदपत्रं बघणारा हॉस्पिटलातला माणूस. महात्मा फुले योजनेत वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचे उपचार फुकट होतात, हे मला तुमच्याकडून कळलं. रेल्वेचा सवलतीचा फॉर्म तुम्ही भरून घेतलात. स्लीपरला पेशंटचं तिकीट पूर्ण माफ, सोबत्याला पाऊण माफ. लातूर एक्स्प्रेसमध्ये धाराशिवला चढताना दर वेळी तुमची आठवण येते. ते पैसे वाचले म्हणून पोरीची फी भरता आली.

लिव्हरचं ऑपरेशन झालेले शंभरातले चाळीसच्या आसपास लोक पाच वर्षांनंतरही असतात, आणि निम्म्याहून जास्त जणांना पुन्हा कुठेतरी उगवतं, हे दोन्ही डॉक्टरांनी आम्हाला सांगितलंय. दोन्ही मी उजव्या पानावर लिहून ठेवलंय. हो, आता माझीही वही आहे. ह्यांचा पंधरवडा आता तीन महिन्यांचा झालाय, स्कॅनपासून स्कॅनपर्यंत. ह्या वेळचं काम म्हणजे गोठ्याचा पत्रा. रोज नवीन नकाशा काढतात, आणि म्हशीला कुठला पटेल ते मलाच विचारतात.

हातमोजे धुऊन ठेवलेत, पण परत करत नाही. मागच्या महिन्यात आम्ही तपासणीला आलो तेव्हा परभणीच्या एका पोराला थंडीची कळ आली होती, त्याच्याकडे दिलेत. एका अंगठ्याला भोक पडलं होतं, ते विणून दिलंय.

२२ तारखेला स्कॅन आहे. फोन रिपोर्ट हातात आल्यावरच करीन, आधी नाही. तुमचाच नियम. काकांना नमस्कार सांगा, आणि सोयाबीन इतक्यात विकू नका म्हणावं.

तुमची,
तांब्यावाली