पार्सल कोणाचं, हे आधी विचार

चि. सानिका,
अनेक आशीर्वाद.

नशा वाईट, हे भाषण तुम्हाला दर 26 जूनला कॉलेजात ऐकवतात. मी फक्त ती फोनमधून कशी येते तेवढं लिहिते.

धूर सोडणाऱ्या पोराची रील तू लाइक केली नाहीस तरी चालतं. शेवटपर्यंत पाहिलीस किंवा मैत्रिणीला पाठवलीस, की ॲप तसल्याच आणखी दाखवतं. मग कुठल्याशा कमेंटखाली ‘डीएम कर’ येतं आणि बोलणं टेलिग्रामवर जातं, कारण तिथे मेसेज आपोआप पुसले जातील अशी सोय लावता येते. पैसे यूपीआयने. विकणाऱ्याचं खातं खोट्या नावाचं. तुझं नाव, नंबर नि हॉस्टेलचा पत्ता मात्र खरा. पुढे धमकी द्यायला त्याला तेवढं पुरतं.

एमडी, म्हणजे मेफेड्रोन, लवकर उतरतं. म्हणून पोरं एकाच रात्रीत पुन्हा पुन्हा घेतात आणि तिथेच बिघडतं: झोप उडते, जबडा आवळतो, छाती धडधडते, जो तो आपल्यावर टपलाय असं वाटायला लागतं. वेपचं म्हणशील, तर ई-सिगारेटवर 2019 पासून बंदी आहे. मिळते ती चोरटी, आणि तिच्यात निकोटीन किती, हे डबीवरच्या आकड्यावरून ठरवू नकोस.

तू स्वतः घेशील असं मला वाटत नाही. धास्ती आहे ती मैत्रीखातर केलेल्या मदतीची. ‘माझं पार्सल तुझ्या नावावर मागवू?’ ‘पैसे तुझ्या खात्यावर घेते, तू मला कॅश दे.’ दोन्हीला सरळ नाही म्हण. माल ज्याच्याकडे सापडतो त्याला पोलीस आधी धरतात. तो दुसऱ्याचा होता, हे तुला सिद्ध करत बसावं लागतं. मेफेड्रोन 2 ग्रॅमपेक्षा कमी असेल तर शिक्षा एक वर्षापर्यंत. 50 ग्रॅमच्या वर, म्हणजे साबणाच्या छोट्या वडीएवढ्या वजनाला, 10 ते 20 वर्षं. डिसेंबरात तुला अठरा पूर्ण होतील. मग बाल न्याय मंडळ नाही, थेट कोर्ट.

असा मेसेज आला तर आधी स्क्रीनशॉट, मग रिपोर्ट, शेवटी ब्लॉक. उलट क्रमाने केलंस तर पुरावा हाती लागेलच असं नाही. स्नॅपचॅट मात्र स्क्रीनशॉटची वर्दी समोरच्याला देतं, तिथे दुसऱ्या फोनने फोटो काढ. इन्स्टाच्या सेटिंगमध्ये सुचवलेला कंटेंट रिसेट करता येतो, तेही करून टाक.

कुणी बेशुद्ध पडलं तर कुशीवर वळव, तोंडात काही घालू नकोस, उलटी काढायला जाऊ नकोस, 108 ला फोन लाव. काय घेतलंय ते डॉक्टरांना खरं सांग. पोलिसांच्या भीतीने पोरं ‘झोपू दे, उतरेल’ म्हणतात आणि वेळ जातो. कुणाला सोडायचं असेल तर 14446 ही मोफत हेल्पलाइन आहे. आपणहून उपचाराला जाणाऱ्या व्यसनी माणसाला, प्रकरण थोड्या मालाचं असेल तर, कायदाही खटल्यातून सूट देतो. हे फार कमी जणांना ठाऊक असतं.

तुझा फोन आम्ही चोरून तपासणार नाही. रात्री दोनला अडकलीस तरी बाबांना फोन कर, ते घ्यायला येतील, प्रश्न दुसऱ्या दिवशी. पार्सलचं तेवढं रूममेटलाही सांग, तिचा पत्ता तोच आहे.

तुझी,
आई