जुना संगणक द्या, आणि आठवड्यातले दोन तासही

सप्रेम नमस्कार,

आपल्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत सहा संगणक आहेत, त्यांतले चार चालतात. शनिवारी दुपारी त्या चार संगणकांपुढे पंधरा-सोळा मुलं येतात. बसायला मिळतं आठांना. बाकीची खुर्च्यांच्या मागे उभी राहून, पुढच्याच्या खांद्यावरून वाकून सूचना देत असतात. या उभ्या असलेल्या मुलांसाठी आम्ही आज आपल्याकडे मदत मागत आहोत.

मदतीचा विषय काढला की बरेच जण विचारतात, "हल्लीच्या मुलांना संगणक शिकवायचा कशाला? त्यांना आपल्यापेक्षा जास्त येतं." मोबाइल त्यांना सफाईनं हाताळता येतो, हे खरंच आहे. व्हिडिओ लावतात, आवडला नाही तर बोटानं वर सरकवतात, खेळ उतरवून घेतात. पण एखाद्याला एखादी भाषा येते असं आपण कधी म्हणतो? पाट्या वाचता आल्या आणि समोरच्याचं बोलणं कळलं, एवढ्यानं म्हणत नाही. मनातलं सांगता आलं, भांडता आलं, चार ओळींचं पत्र लिहिता आलं, गोष्ट रचता आली, तर म्हणतो. संगणकाच्या बाबतीत आपली बहुतेक मुलं फक्त ऐकणारी आहेत. दुसऱ्यांनी बनवलेलं पाहतात, दुसऱ्यांनी आखलेल्या वाटेनं जातात. त्यांना या माध्यमात स्वतःचं काही म्हणता यावं, एवढ्यासाठी ही खोली आहे.

सुरुवातीला आम्हीही चुकलो. पहिल्या तुकडीला आम्ही संगणकाच्या भागांची नावं पाठ करायला लावली, मग टंकलेखन, मग अक्षर ठळक कसं करायचं, तक्ता कसा आखायचा. सगळं उपयोगाचंच होतं, पण मुलांना त्यातून काही करायचंच नव्हतं. ठळक करण्याजोगा मजकूर त्यांच्यापाशी नव्हता. दोन महिन्यांत निम्मी मुलं यायची बंद झाली, आणि दोष त्यांचा नव्हता. मग आम्ही क्रम उलटा केला. आधी प्रत्येकानं काय बनवायचं ते ठरवायचं आणि त्यासाठी जे लागेल ते शिकायचं. आता टंकलेखन सांगावं लागत नाही. आपल्या चित्रगोष्टीतल्या पात्राच्या तोंडी संवाद घालायचा असला की मुलं स्वतःहून अक्षरं शोधतात.

या खोलीत नेमकं काय होतं हे सांगितल्याशिवाय मदत मागणं बरोबर नाही, म्हणून एका दुपारची हकीकत सांगतो. सातवीतल्या एका मुलीला पडद्यावर त्रिकोण काढायचा होता. ठिपक्याएवढ्या पात्राला आज्ञा द्यायच्या: पुढे जा, वळ, मागे रेघ ओढत राहा. समभुज त्रिकोणाचे कोन ६० अंशांचे असतात, हे तिला पाठ होतं. तिनं आज्ञा दिली: १०० पावलं पुढे, उजवीकडे ६० अंश वळ, आणि हे तीनदा. त्रिकोण झालाच नाही. तीन रेघा उघड्या वाटीसारख्या तशाच राहिल्या. तिनं अंतर बदललं, पण वाटी नुसती मोठी झाली. शेवटी ती उठली आणि फरशीवर स्वतः चालून पाहू लागली. कोपऱ्यावर आल्यावर तिला कळलं, की आपण वळतो तो त्रिकोणाच्या आतला कोन नसतो, बाहेरचा असतो. ६० नव्हे, १२०. त्रिकोण जुळला. तोवर शेजारच्या मुलानं तिची 'चुकलेली' आज्ञा तीनऐवजी सहादा चालवून सुरेख षटकोन काढला होता. मग दोघांनी मिळून हिशेब मांडला: तीन वेळा १२०, चार वेळा ९०, सहा वेळा ६०, गुणाकार दरवेळी ३६०. सप्तकोनापाशी अडले, कारण ३६० ला ७ नं पूर्ण भाग जात नाही. पण उत्तर नेमकं लिहिता येत नसेल तर भागाकारच लिहून टाकावा, तो संगणक करेल, हे त्यांनी शोधून काढलं. आम्ही कोणीही मध्ये बोललो नव्हतो.

ही कल्पना आमची नाही आणि नवीही नाही. सीमूर पॅपर्ट हे गणितज्ञ जिनिव्हात झां पियाजे या बालमानसशास्त्रज्ञांबरोबर काम करून, मुलं कशी विचार करतात याचा ध्यास घेऊन अमेरिकेत आले. तिथे त्यांनी सहकाऱ्यांसह १९६७ मध्ये मुलांसाठी 'लोगो' ही संगणकभाषा तयार केली. पुढे तिच्यात आज्ञा ऐकून चालणारं आणि मागे रेघ ओढणारं 'कासव' आलं. संगणकानं मुलाला पढवायचं नाही, मुलानं संगणकाला शिकवायचं, हा त्यांचा आग्रह होता. त्या काळी संगणक खोलीएवढे आणि प्रचंड महाग असत, तेव्हा हा माणूस मुलांच्या हाती संगणक देण्याचं बोलत होता, याचं आम्हाला अजून नवल वाटतं. त्याच परंपरेतून पॅपर्ट यांच्याबरोबर काम केलेल्या मिचेल रेझनिक यांच्या गटानं २००७ मध्ये 'स्क्रॅच' हे मुलांना संगणकाला आज्ञा देता येण्याचं साधन सर्वांसाठी खुलं केलं. त्यात आज्ञा टंकाव्या लागत नाहीत. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवले की झालं. ते विनामूल्य आहे, आणि एकदा उतरवून घेतलं की इंटरनेटशिवायही चालतं. आमच्या खोलीत मुख्यतः तेच चालतं. त्याचा रंगमंच, म्हणजे पात्रं फिरतात ती पडद्यावरची चौकट, ४८० बाय ३६० पावलांचा, शून्य बरोबर मध्यभागी. पात्राला डावीकडे न्यायचं तर ऋण संख्या लागते. वर्गात ऋण संख्यांना घाबरणारी मुलं इथे त्या सहज वापरतात, कारण इथे मुलांना त्या संख्यांची गरज असते.

सगळे खेळच बनवतात असंही नाही. एका मुलानं आजीच्या आवाजात गोष्ट ध्वनिमुद्रित करून तिच्यावर चित्रं हलवली. तिघींनी मिळून पावसाच्या थेंबाचा प्रवास दाखवला. कोणी गाण्याचे तुकडे जोडतं, कोणी नुसती नक्षी काढत बसतं. पालकांना बाहेरून हा सगळा खेळच दिसतो, आणि ते काळजीनं विचारतात तेव्हा आम्ही त्यांना आत बोलावून मुलाशेजारी बसवतो.

अलीकडे आणखी एक प्रश्न येतो. आता प्रश्न विचारला की संगणकच उत्तर लिहून देतो, चित्र काढून देतो. मग मुलांनी हे कष्ट कशाला घ्यायचे? आम्हाला वाटतं, यामुळे तर ते जास्तच गरजेचं झालं आहे. ज्यानं स्वतः कधी काही रचलेलं नाही, त्याला समोर आलेलं बरोबर आहे की नुसतं बरोबर दिसतंय, हे ओळखता येणं अवघड आहे.

आता मागणीकडे येतो.

आम्हाला चालू स्थितीतले किंवा दुरुस्त होण्याजोगे जुने लॅपटॉप आणि डेस्कटॉप हवे आहेत. संथ झालाय म्हणून कपाटात ठेवलेला चालेल. माहिती साठवणारी फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क काढून तिच्या जागी वेगवान, फिरते भाग नसलेली एसएसडी बसवली, थोडी रॅम (काम चालू असताना संगणकाला लागणारी स्मृती) वाढवली, की असा संगणक या कामाला पुष्कळ वर्षं पुरतो. देण्याआधी आपले फोटो आणि कागदपत्रं उतरवून घ्या आणि आपल्या खात्यांतून बाहेर पडा. त्यानंतर आम्ही डिस्क पूर्ण कोरी करतो, आपली इच्छा असेल तर आपल्यासमोर. बॅटरी फुगलेला लॅपटॉप मात्र कृपया आणू नका, तो मुलांच्या खोलीत ठेवणं धोक्याचं आहे. मोबाइल आणि टॅबलेटपेक्षा आम्हाला कीबोर्ड, माऊस आणि माइक असलेले हेडफोन जास्त हवे आहेत. चारही संगणकांवरच्या कलाकृती एकाच वेळी आवाज करू लागल्या की हेडफोनचं मोल कळतं.

देणगी कितीही लहान असली तरी चालेल. पैसे एसएसडी, रॅम, खोलीची वायरिंग आणि विजेचं बिल यांवरच खर्च होतील, आणि दर तिमाहीचा हिशेब वाचनालयाच्या फलकावर लागेल. प्रत्येक देणगीची पावती मिळेल.

पण सगळ्यात जास्त कमतरता माणसांची आहे. अमेरिकेत बॉस्टनच्या संगणक संग्रहालयात १९९३ मध्ये मुलांसाठी असंच एक खुलं केंद्र सुरू झालं, आणि त्याची मांडणी करणाऱ्यांनी मोठ्या माणसांना सोबती म्हणून मुलांबरोबर बसवण्यावर पहिल्यापासून भर दिला. आमचाही अनुभव तोच आहे. संगणक वाढले आणि माणसं वाढली नाहीत, तर मुलं पहिल्या अडचणीपाशी खेळ लावून बसतात. आठवड्यातून एकदा दोन तास येऊ शकेल अशी दहा माणसं आम्हाला हवी आहेत. अभियंता असण्याची गरज नाही. शिवणकाम करणारी व्यक्ती मापं आणि नक्षी घेऊन येते, गाणारी व्यक्ती ताल घेऊन येते, निवृत्त शिक्षक प्रश्न विचारायची सवय घेऊन येतात. मुलांना ते सगळं लागतं. स्वतःला संगणक येत नसेल तर मुलांबरोबर शिका, त्यांना शिकवायला फार आवडतं.

सोबत्यांसाठी नियम दोनच आहेत. पहिला, माऊस मुलाच्याच हातात राहील. अडलेलं पाहवत नाही आणि आपला हात आपोआप पुढे जातो, पण त्या क्षणी काम आपलं होतं, मुलाचं राहत नाही. त्याऐवजी विचारा: "तुला काय व्हायला हवं होतं? आणि काय झालं?" दुसरा, एका संगणकावर दोघं असतील तर दर पंधरा मिनिटांनी जागा बदलायची. हा नियम नव्हता तेव्हा मुलगे पुढच्या खुर्चीत आणि मुली मागे उभ्या, असंच चित्र असायचं. ते आम्हाला उशिरा दिसलं, याचं वाईट वाटतं.

वस्तू रोज संध्याकाळी वाचनालयाच्या देवघेव टेबलावर स्वीकारल्या जातील. सोबती म्हणून यायचं असेल तर तिथल्या वहीत नाव आणि सोयीचा वार लिहून ठेवा. ठरवण्याआधी पाहायचं असेल तर कोणत्याही शनिवारी दुपारी मागच्या खोलीत या. खुर्ची मिळेलच असं नाही, पण मुलं आपलं काम दाखवल्याशिवाय सोडणार नाहीत.

आपले,
संगणक कक्ष समिती व कार्यकारी मंडळ