दोन्ही हातांत टाळ

कणकवली,
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

चि. हर्षद यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोन असताना पत्र कशाला, असे तू म्हणशील आणि ते बरोबरही आहे. परंतु फोनवर दुसऱ्या मिनिटाला माझा आवाज चढतो, तू नुसते "हं, हं" करू लागतोस आणि मग तुझी आई माझ्या हातातून फोन काढून घेते, असे गौरीविसर्जनानंतर तू गेल्यापासून तीनदा झाले आहे. म्हणून आज दुपारी सगळी लवंडल्यावर पडवीत बसून लिहितो आहे. पत्र आणि सोबतची पिशवी बाळाकाकांचा अनिल मंगळवारच्या तुतारी एक्स्प्रेसने आणील. तो पहाटे ठाण्याला उतरेल. त्याला ताटकळत ठेवू नकोस. पिशवीत कुळथाची पिठी, सोले आणि कोकमाच्या आगळाची बाटली आहे. बाटलीचे बूच आईने मेण लावून बसवले आहे, तेव्हा उघडताना शर्ट सांभाळ.

गुरुवारी तू घरच्या ग्रुपवर लोकलमधल्या भजनाचा जो व्हिडिओ टाकलास, तो आईने आतापर्यंत अकरा वेळा तरी पाहिला असेल. मालतीकाकूंना बोलावून दाखवला, दूध घालायला येणाऱ्याला दाखवला, आणि आजीच्या कानाशी फोन धरून टाळांचा आवाज ऐकवला. आजी एवढेच म्हणाली, "ह्यो तर तेंचोच हात." आजोबांना जाऊन नऊ वर्षे झाली, तिने त्यांच्या हाताची आठवण आपणहून काढली, हे मी बऱ्याच दिवसांनी ऐकले. आजोबा डबलबारीला, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्याला, आपल्या बुवांच्या मागे बसत तेव्हा त्यांचे टाळ कधी घाईवर आले नाहीत, आणि त्याच घरातला तू सहावीत असताना भजनाला बसवले म्हणून रुसून माळ्यावर जाऊन बसला होतास. तो मुलगा लोकलच्या गर्दीत अनोळखी माणसांबरोबर लयीत टाळ वाजवतो, हे पाहून मला काय वाटले ते फोनवर सांगता आले नाही, कारण त्या आधीच मी दुसरेच बोललो.

व्हिडिओच्या मध्यावर तुझ्या मित्राने फोन तुझ्याकडे वळवला आहे. चतुर्थीला घेतलेला निळा शर्ट तुझ्या अंगात आहे, तू हसतो आहेस आणि तुझ्या पाठीमागून खाडीचे पाणी पळते आहे. म्हणजे तुझी पाठ दाराकडे आहे. तुझ्या दोन्ही हातांत टाळ आहेत. मी तो भाग थांबवून थांबवून पाहिला; मग दारातला दांडा तू कोणत्या हाताने धरला होतास, एवढेच मला विचारायचे होते, आणि तेवढे विचारताना मी शुक्रवारी जे काही बोललो, त्यातले निम्मे बोलायला नको होते.

आता दाराचा विषय पुन्हा काढणार नाही.

तुझ्या गमती आम्हांला आवडतात, हे आधी ध्यानात घे. पहिल्या आठवड्यात घाटकोपरला गर्दीने तुला उतरूच दिले नाही, तू थेट कुर्ल्याला पोहोचलास आणि उलट्या गाडीने परत येऊन मेट्रो धरलीस, तेव्हा साहेबांना काय सांगायचे याचा तू जिन्यावर सराव केलास आणि प्रत्यक्षात साहेब स्वतःच अर्धा तास उशिरा आले, हे ऐकून तुझी आई जेवता जेवता ठसकली होती. मग एका काकांनी तुला शिकवले की, विक्रोळी मागे पडली की पुढच्या माणसाच्या खांद्याला हात लावून "घाटकोपर?" असे विचारायचे, आणि तो "हो" म्हणाला की निश्चिंतपणे त्याच्या मागे उभे राहायचे. मास्तरकी करून मी निवृत्त झालो, परंतु इतक्या थोड्या शब्दांत कोणाला काही शिकवल्याचे मला आठवत नाही. तिघांच्या बाकावर चौथ्या सीटवर अर्धे अंग टेकवून बसणे आणि त्यालाही "बसायला मिळाले" म्हणणे, खोलीवर तिघांनी मिळून कुकरमध्ये पाणीच न घालता लावलेली खिचडी, ती खरवडताना घरमालकीणबाईंनी दारातून नुसते पाहून निघून जाणे आणि रात्री न बोलता आमटीचे पातेले आणून ठेवणे, हे सगळे मी आजीला सांगतो. तिला ऐकू कमी येते, म्हणून दोनदा सांगावे लागते आणि दुसऱ्यांदा सांगताना मीच त्यात थोडी भर घालतो.

दसऱ्याला तुमचा लोकलचा डबा सजवायचा आहे आणि वर्गणी गोळा करण्याचे काम तुझ्याकडे आले आहे, हेही समजले. नवख्या मुलाच्या हाती पैशांचे काम देतात, म्हणजे त्या लोकांनी तुला पारखलेले असणार. हिशेबाची वही ठेव, दहा रुपये असले तरी नाव लिही. तोरण मात्र दुसऱ्या कोणाला बांधू दे. तोरण दारालाच बांधतात.

हे पाहा, आला विषय.

गणपतीवरची माटवी बांधताना तू स्टुलावर चढून तिला कवंडळाची फळे अडकवत होतास आणि मी खाली स्टूल धरून उभा होतो, तेव्हा तू म्हणालास, "बाबा, सोडा ते, मी काही पडत नाही." मी सोडले नाही आणि तू चिडलास. तेवीस वर्षांच्या मुलाचे स्टूल धरू नये, हे मला कळते. तथापि आदल्याच दिवशी कपाट आवरताना आईच्या हाती एक जुने वर्तमानपत्र लागले होते, ते तुला ठाऊक नाही. ९ जूनला सकाळच्या गर्दीत मुंब्र्याच्या वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन लोकलींच्या दारांतली माणसे खाली पडली, पाठीवरच्या बॅगा एकमेकींना घासल्या असे छापून आले होते, आणि त्या दिवशी चार जण गेले. तुझे नोकरीचे पत्र तेव्हा नुकतेच आले होते. ते वर्तमानपत्र आईने वाचू नये म्हणून मी देव्हाऱ्याच्या कपाटावर पंचांगांच्या खाली सारून ठेवले आणि स्वतःच विसरून गेलो. तिने ते वाचले, घडी घालून पुन्हा तिथेच ठेवले आणि मला एका शब्दाने विचारले नाही. तुझी गाडी दिवा सोडून ठाण्याकडे जाते ती त्याच वळणावरून, आणि व्हिडिओत मागे दिसते ती तिथलीच खाडी. रेल्वेने आपोआप बंद होणाऱ्या दारांच्या साध्या गाड्या आणण्याचे जाहीर केले आहे; त्या येतील तेव्हा येतील. एसी लोकलची दारे मिटतात खरी, पण तिचा पास तुझ्या आजच्या पगारात बसत नाही, हेही मी मांडून पाहिले आहे.

तू म्हणशील, बाबांना मुंबईची गर्दी काय ठाऊक, आणि म्हणूनच एक गोष्ट लिहितो, जी तुझ्या आईलाही मी परवाच्या रात्री पहिल्यांदा सांगितली.

१९८८ च्या सुमारास मी चौदा महिने डोंबिवलीला ताईआत्याकडे राहून मशीद बंदरला एका पेढीवर कारकुनी करत होतो, एवढे तुला माहीत आहे. त्या वेळी फास्ट गाड्या पारसिकच्या बोगद्यातून जात. सव्वा किलोमीटरहून लांब असा तो १९१६ सालचा बोगदा; गाडी आत शिरली की डब्यात काळोख आणि लोखंडाचा प्रचंड खडखडाट होई, आणि आम्ही पाच-सहा पोरे दारात उभे राहून जिवाच्या आकांताने ओरडत असू. कशासाठी, ते विचारू नकोस. पेढीवर दिवसभर तोंडातून "हो शेठ" याखेरीज शब्द निघत नसे, आणि खोलीत आत्याचे यजमान रात्रपाळी करून झोपलेले असत. माझा स्वतःचा मोठा आवाज मला दिवसातून तेवढ्याच वेळी ऐकू येई. बोगदा संपून कळव्याच्या बाजूला उजेड आला की सगळे हसत. तसे हसू नंतर मला कुठे सापडले नाही. तेव्हा दारातल्या वाऱ्यात काय असते, हे मला कोणी सांगायला नको.

आत्याचा स्टीलचा तीन कप्प्यांचा डबा होता. तिच्या लग्नातला, झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी "चि. सौ. कां. शकुंतला हिस, मामांकडून" असे कोरलेले आणि घासून घासून "मामांकडून" मधला "मा" पुसट झालेला. आतल्या रेटारेटीत आमटी सांडते म्हणून मी तो दाराबाहेर लोंबता धरीत असे. ऑगस्टातला दिवस होता, बोगद्यातून नुकतेच बाहेर पडलो होतो, मी मागे वळून कोणाशी तरी बोलत होतो आणि एकदम "ठण्" असा आवाज झाला. खांब मला दिसलाच नाही. हाताला मुंग्या आल्या आणि पाहिले तर हातात काहीच नव्हते. ठाणे येईपर्यंत कोणी काही बोलले नाही. मग एकाने माझ्या शर्टाची कॉलर धरून मला आत ओढले आणि दोन सीटांच्या मधल्या जागेत उभे केले. त्याचे नाव मी विचारले नाही आणि पुढे तो मला ओळखताही आला नसता.

आत्याला मी सांगितले की डबा गाडीत चोरीला गेला. ती पुढे दोन वर्षे चोरबाजाराच्या बाजूला कोणी जाणार असले की झाकणावरचे नाव सांगून ठेवीत असे. माझे उजवे मनगट पावसाळ्यात धरते, ते विहिरीवर घसरल्यामुळे असे मी तुम्हा सगळ्यांना सांगत आलो. ते विहिरीचे नव्हे. आत्या गेली तेव्हा अग्नी देऊन परतताना सांगून टाकावे असे मनात आले होते, पण ऐकायला ती नव्हती, आणि बाकीच्यांना सांगून काय करायचे?

मनगटाऐवजी डोके असते तर, हे मी लिहिणार नव्हतो.

बाकी, रात्री बारा-बारापर्यंत फोन पाहत जागतोस, असे खोलीतल्या मित्राने आईला सांगितले आहे. उशिरा निजल्यामुळे उशिरा उठायचे, उशिरा उठल्यामुळे धावत जाऊन हाताला लागेल ती गाडी धरायची आणि गाडी भरलेली असल्यामुळे पुन्हा... असो. पगारातले दोन हजार महिन्याच्या पहिल्याच दिवशी बाजूला टाकावेत. बूट ओले असताना घालू नयेत. वडापाव हे जेवण नव्हे. वरच्या चार वाक्यांत मी पुन्हा वर्गात शिरलो, हे वाचून पाहिल्यावर कळले. खोडत नाही, कारण खोडलेले तू उजेडाला धरून वाचतोस. परंतु शुक्रवारी फोनवर "बेजबाबदार" हा जो शब्द मी वापरला, तो मागे घेतो. बेजबाबदार मुलाच्या हाती डब्याची वर्गणी कोणी देत नाही, आणि पहिल्या पगारातून आजीला श्रवणयंत्र घ्यावे असे त्याला सुचतही नाही. ते यंत्र ती फक्त तुझा फोन आला की लावते. एरवी बॅटरी संपेल म्हणून डबीत ठेवते.

नरकचतुर्दशीच्या सकाळी मित्रांबरोबर डोंबिवलीच्या फडके रोडला जायचे आणि दुपारच्या गाडीने निघायचे, असा तुझा बेत असल्याचे आईने हळूच माझ्या कानावर घातले. तिला वाटले मी रागावेन. तुळशीपुढे कारीट फोडायला तू नसशील, पाच तऱ्हांचे पोहे रात्री खाशील, एवढाच फरक. नवे कपडे घालून मीही एकदा त्या गर्दीत तासभर उभा होतो आणि ओळखीचे एकही माणूस भेटले नव्हते, तरी घरी येताना उगीचच बरे वाटत होते. जाऊन ये. कारीट मी दोन फोडीन.

मोत्या बरा आहे. माजघरातला पंखा अजून तसाच आवाज करतो. गजाच्या सोयरिकीचे काही ठरले नाही, आणि त्याला फोन केलास तर तो विषय तू काढू नकोस.

व्हिडिओतले भजन अर्ध्यावरच तुटले आहे. ज्यांनी आवाज लावला आहे त्या गृहस्थांचा गळा चांगला आहे. ते कुठल्या गावचे, ते विचार. पुढचा भाग कोणाकडे असला तर पाठव, आजीला संपूर्ण ऐकायचे आहे.

तुझे,
बाबा

ता. क. डोंबिवलीहून आधी उलटे कल्याणला जाऊन, तिथून बसून येणारे पुष्कळ लोक आहेत, असे अनिल सांगत होता. मात्र त्यासाठी पास कल्याणपासूनचा काढावा लागतो. दोन्ही पासांच्या दरांत महिन्याला किती फरक पडतो, ते विचारून कळव. तेवढी रक्कम मी दर महिन्याला पाठवीन. बसून टाळ वाजवले तरी आवाज तेवढाच येतो.