एका 'एस'ची गोष्ट, आणि काकांचे आभार

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार. तुमचा स्क्रूड्रायव्हर अजून माझ्याकडेच आहे, हे आधी कबूल करतो.

रिव्हॉल्व्हर घेऊन तुमच्याकडे आलो तेव्हा मी फार ऐटीत होतो. विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं होतं, ही स्मिथ अँड वेसन या अमेरिकन कंपनीची दुसऱ्या महायुद्धातली 'व्हिक्टरी', नंबराच्या सुरुवातीचा 'व्ही' कुणीतरी घासून काढलाय. वर मी नंबर म्हणून जो लिहून आणला होता, तो सिलिंडर, म्हणजे गोळ्या भरायचं फिरतं नळकांडं, बाजूला उघडल्यावर आत दिसणारा पाच आकडी नंबर! तुम्ही हसला नाहीत. सिलिंडर रिकामा आहे का, ते आधी स्वतः पाहिलंत, मग मला पाहायला लावलंत, आणि एवढंच म्हणालात, "हा जुळणीचा नंबर. कारखान्यात सुट्या भागांची ताटातूट होऊ नये म्हणून मारलेला. खरा नंबर मुठीच्या बुडाला वाच."

तिथे 'एस' होता आणि पुढे सहा आकडे. घासल्याची खूण कुठेच नव्हती. तो 'एस' कुठून आला ते तुम्ही सांगितलंत तेव्हा अंगावर काटा आला होता: १९४४ च्या अखेरीला एका नौसैनिकाचं रिव्हॉल्व्हर डेकवर पडलं, गोळी सुटली आणि माणूस गेला. मग कंपनीने हॅमर (गोळीवर आपटणारा घोडा) अडवणारा नवा सुरक्षा-तुकडा बसवला. तो बसवलेल्या युद्धकाळातल्या रिव्हॉल्व्हरांवर 'एसव्ही', आणि युद्ध संपल्यावर 'व्ही' गळून नुसता 'एस'. ही मालिका १९४८ मध्ये दहा लाखांच्या उंबरठ्यावर थांबली आणि 'सी' सुरू झाला.

पण तेवढ्यावर तुम्ही मला सोडलं नाहीत, याचेच खरे आभार मानायचे आहेत. "अक्षरावर विश्वास ठेवू नकोस, बाकीचे साक्षीदार बोलव," म्हणालात. व्हिक्टरीसारखी मुठीला दोरी अडकवायची कडी नाही. लाकूड सपाट नाही, चौकडीचं आहे, आणि त्यावर कंपनीचं पदक आहे. व्हिक्टरीचा राखाडी मॅट रंगही नाही. मग स्क्रू मोजायला लावलेत: बाजूच्या झाकणाला चार, ट्रिगरभोवतीच्या कड्याच्या पुढे एक. झाकणाचा वरचा स्क्रू कंपनीने १९५५ च्या सुमारास काढून टाकला, म्हणजे हे त्याआधीचं. आत मॉडेल नंबरही नाही, कारण या रिव्हॉल्व्हरला पुढे मिळालेलं 'मॉडेल १०' हे नावच १९५७ मधलं.

मुठीचं लाकूड उचकटायला मी नखं लावली तेव्हा मात्र तुम्ही ओरडलात. बरोबरच होतं म्हणा. स्क्रू पूर्ण काढायचा नाही, दोन-तीन वेढे सैल करायचा आणि त्याच्या डोक्यावर हलकेच दाबायचं, म्हणजे पलीकडचं लाकूड आपोआप सुटतं. उजव्या बाजूच्या लाकडाच्या आत तोच, बुडाचा नंबर निघाला. सिलिंडरच्या मागे तोच, बॅरलच्या खालीही तोच. जवळपास ऐंशी वर्षांचं लाकूड, लोखंड, सगळं एकाच जन्माचं! मला त्या क्षणी विकणाऱ्याचा रागही आठवला नाही.

आणि पॉलिश! मी बफिंगला टाकणार होतो, तेही थांबवलंत. सिलिंडरवरची ती घासलेली रेघ आता मला आवडायला लागली आहे. तेलाचा हात फिरवतो, बस.

नंबर क्रमाने असले तरी माल क्रमाने बाहेर पडत नसे, म्हणून तुमच्या सांगण्यावरून स्मिथ अँड वेसन हिस्टॉरिकल फाउंडेशनकडे पत्र मागवलं आहे. कारखान्यातून ते कोणत्या दिवशी आणि कुठे निघालं, ते त्यात कळेल. तुमचा अंदाज १९४७, माझा १९४६. पत्र आलं की स्क्रूड्रायव्हर घेऊन येतो. पाकीट तुमच्यासमोरच फोडू.

तुमचा,
'व्ही' शोधत आलेला