मंत्रिमहोदय, माझी तक्रार 'निकाली' कशी निघाली?

मा. केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान मंत्री,
स.न.वि.वि.

काल सकाळी मोबाईलवर संदेश आला, 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.' माझ्या मुलीची संशोधन शिष्यवृत्ती सात महिने थकली आहे. एक रुपयाही आलेला नाही. मग निकाली काय निघालं?

मी नाशिकरोडची निवृत्त विज्ञान शिक्षिका. मुलगी डार्क मॅटरचे कण टिपू पाहणाऱ्या डिटेक्टरांवर काम करते. विश्वातलं पाचातल्या चार भागांहून जास्त द्रव्य दिसतच नाही, तेच हे डार्क मॅटर; त्याचा कण अजून कुणाच्याच हाती लागलेला नाही. लागलाच तर अणुकेंद्रकाला हलकासा धक्का देऊन जाईल. जमिनीवर अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांचा मारा इतका, की तो धक्का ओळखूच येणार नाही. मांडवात डीजे दणाणत असताना तान्ह्या बाळाचा श्वास ऐकायचा, तसं ते. वरचा खडक तो मारा अडवतो, म्हणून डोंगराखाली जायचं.

तिच्या खोलीचं भाडं माझ्या पेन्शनमधून जातं. दिवाळीत पाटल्या मोडल्या. त्याचं दुःख नाही. पण परवा ती म्हणाली, "आई, मी इटलीला अर्ज करते," आणि रात्रभर माझा डोळा लागला नाही.

इटलीत ग्रान सासो डोंगराखाली प्रयोगशाळा आहे. चीनने जिनपिंग डोंगरात २४०० मीटर खडकाखाली बांधली. अमेरिकेत होमस्टेकच्या जुन्या सोन्याच्या खाणीत, दीड किलोमीटर खोल, सात टन झेनॉन वायू द्रवरूपात त्या कणाची वाट बघतोय. अहो, सोन्याची खाण आपलीही होती! कोलारला १९६५ साली आपल्या शास्त्रज्ञांनी वातावरणातले न्यूट्रिनो, म्हणजे सगळ्यातून आरपार जाणारे सूक्ष्म कण, टिपले. २००१ मध्ये ती खाण बंद पडली. आता झारखंडमधल्या जादुगुडाच्या युरेनियम खाणीत ५५५ मीटरवर छोटी प्रयोगशाळा आहे, तेवढीच.

तमिळनाडूत थेनीच्या डोंगराखाली व्हायच्या न्यूट्रिनो वेधशाळेला जानेवारी २०१५ मध्ये मंत्रिमंडळाने सुमारे १५०० कोटी मंजूर केले. दहा वर्षं उलटली, बोगदा कुठे आहे? गावकऱ्यांना धास्ती वाटली, तर त्यांच्या ओट्यावर बसून ती ऐकायला कोण गेलं? आमच्या इगतपुरीला समृद्धीसाठी आठ किलोमीटरचा बोगदा झाला. गाड्यांसाठी डोंगर फोडता येतो, विज्ञानासाठी का नाही? देशाच्या उत्पन्नाचा एक टक्काही संशोधनावर खर्च होत नाही आणि दर २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, पोरांना भाषणं ऐकवता. त्या पोरांना मी तीस वर्षं 'शास्त्रज्ञ व्हा' सांगत आले. आज त्यांच्यापुढे उभं राहायची लाज वाटते.

माझी तक्रार पुन्हा उघडा. थकलेले सात महिने द्या, तिच्यासारख्या सगळ्यांचे द्या. थेनीचं काय ठरलंय, ते लेखी सांगा.

इटलीचा अर्ज तिने अजून पाठवलेला नाही. महिनाअखेर शेवटची तारीख आहे.

एक आई,
नाशिकरोड