मानमोडीची लस सगळ्या गावाला एकाच दिवशी द्या

संपादक महोदय,

उन्हाळ्याच्या तोंडावर गावरान कोंबड्यांना मानमोडी लागते. हिरवट-पांढरी हगवण, घरघर, मग मान वाकडी, आणि आठवडाभरात खुराडे रिकामे. या राणीखेत रोगावर औषध नाही. लस आहे, ती स्वस्त आहे आणि पुण्यात औंधच्या सरकारी संस्थेत तयार होते. तरीही चार-आठ कोंबड्या पाळणाऱ्या घरापर्यंत ती सहसा पोहोचत नाही. अडचण कुपीची आहे.

कुपी १०० मात्रांची किंवा त्याहून मोठी असते. लसीतला विषाणू जिवंत असतो, म्हणून ती एकदा विरघळवली की दोन तासांत संपवावी लागते. आठ कोंबड्यांसाठी कुपी कोण फोडणार? ग्रामपंचायतीने पशुवैद्यकीय दवाखान्याशी बोलून वर्षातून दोनदा गावाचा दिवस ठरवला, तर हा प्रश्न सुटतो. पहिला दिवस फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच हवा, कारण प्रतिकारशक्ती यायला दोनेक आठवडे लागतात. दुसरा दिवाळीच्या सुमारास, मधल्या काळात वाढलेल्या नव्या पिल्लांसाठी. आधी दवंडी द्यावी आणि घरोघरच्या कोंबड्या मोजून यादी करावी, म्हणजे किती कुप्या लागतील ते कळेल. आठवडाभर आधी जंताचे औषध दिलेले चांगले.

वेळ पहाटेची. खुराडे एकदा उघडले की कोंबडी हाती लागत नाही, शिवाय ऊनही चढते. कुपी दवाखान्यापासून बर्फाच्या थर्मासमध्येच यावी, २ ते ८ अंशांत. गाडीच्या डिकीत तापलेली लस टोचणे म्हणजे नुसते मीठपाणी टोचणे. आठ आठवड्यांवरच्या पक्ष्यांना आर-टू-बी लस द्यायची: १०० मात्रांची कुपी ५० मिली थंड सलाइनमध्ये विरघळवून प्रत्येकी अर्धा मिली, पंखाजवळ कातडीच्या खाली. सुया-सिरिंज पाण्यात उकळून गार केलेल्या असाव्यात. कातडी स्पिरिटने पुसू नये, स्पिरिटने लसीतला विषाणूच मरतो.

लहान पिल्लांना आर-टू-बी अजिबात नको. ही लस तीव्र आहे, पिल्ले लुळी पडतात, मरतातही. त्यांना लासोटा या सौम्य लसीचा एक थेंब डोळ्यात घालावा आणि पिल्लाने डोळा मिटून थेंब आत घेईपर्यंत त्याला सोडू नये.

अंड्यावरच्या कोंबड्यांना टोचल्यावर काही दिवस अंडी कमी होतात. हे मालकिणीला आधीच सांगा. न सांगितल्यामुळेच पुढच्या खेपेला दारे बंद होतात, आणि लस न दिलेली चार घरे रोगाला पुरेशी असतात.

गावात साथ सुरू झाल्यावर केलेली धावपळ बहुधा वाया जाते. रोग अंगात शिरलेल्या कोंबडीला लस वाचवत नाही. उलट तीच सुई पुढच्या कोंबडीला टोचली, तर रोग आपणच घरोघर नेतो. अशा वेळी आजारी पक्षी वेगळे ठेवावेत आणि मेलेले चुना टाकून खोल पुरावेत. आजारी कोंबडी आठवडे बाजारात विकायला काढू नये, ही विनंती फार कळकळीची आहे. एका गावचा रोग दुसऱ्या गावी बहुतेक वेळा याच वाटेने जातो.

काम संपल्यावर उरलेली लस दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये. कुपीसकट उकळून मगच टाकावी.

– एक पशुवैद्यक, जुन्नर