चौथ्या डोसची रात्र

प्रिय दिल्या,

सहा महिने पत्र नाही, फोन नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. माझी शुगर आटोक्यात, बाकी ठीक.

अप्पांना मूत्राशयाचा कॅन्सर निघाला. लघवीतून रक्त जात होतं, पण महिनाभर 'बीट खाल्लं' म्हणून लपवत राहिले. चाळीस वर्षांची बिडी, दुसरं काय! दुर्बिणीतून गाठ खरवडली. आता आठवड्याला एक असे सहा डोस. कशाचे, सांग? बीसीजीचे! टीबीच्या त्या लशीचे, आपल्या दंडावरच्या वणाचे. नळीने जिवंत जंतू आत सोडतात, दोन तास लघवी रोखायची. नंतर सहा तास बसूनच करायची आणि संडासात ब्लीच ओतायचं. अप्पा म्हणाले, "ब्लीच चालेल, बसणार नाही."

टीवायचं भांडण आठवतं? तू मेचनिकॉफचा, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशींचा; मी एर्लिखचा, म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडींचा. १८८२ ला इटलीतल्या मेसिनात मेचनिकॉफने तारामाशाच्या अळीत काटा टोचला आणि सकाळी त्याभोवती पेशींचा गराडा, हे तू इतक्यांदा ऐकवलंस की मी तुझ्या चहाचे पैसे देणं बंद केलं. तुझ्या त्या जन्मजात प्रतिकारशक्तीला मी 'बिनडोक हवालदार' म्हणायचो. १९०८ चं नोबेल दोघांना मिळून होतं, हे मात्र आपण दोघेही लपवायचो.

तर बीसीजी दिसताच आधी धावतात ते तुझे हवालदारच: न्यूट्रोफिल, मॅक्रोफेज, एनके पेशी. कॅन्सर घरचाच, म्हणून पहारा कानाडोळा करत होता. जंतू शिरले की आरडाओरडा. मागून नेमका शत्रू ओळखणाऱ्या टी पेशी येतात, तेव्हा अर्धे मार्क माझे. बीसीजीचा हा उपाय कॅनडातल्या डॉ. मोरालेसने १९७६ मध्ये छापलाय.

चौथ्या डोसच्या रात्री ताप आला, १०१. डॉक्टर म्हणालेले, थोडी कणकण, जळजळ चालायचीच. पण ताप चढला आणि उतरेना तर लगेच या, जंतू रक्तात गेले असतील. म्हणजे काम चालू असलं तरी ताप, अंगावर उलटलं तरी ताप. पाऱ्याचा थर्मामीटर झटकत रात्र काढली. अप्पा घोरत होते. पहाटे ९९ झाला आणि दिल्या, मला वाईट वाटलं रे. आईला कळलं तर लाटणं घेईल.

तेव्हा वहिनी आठवल्या, त्यांचा ल्युपस. तिथे शत्रूच नाही आणि इंटरफेरॉनची, म्हणजे विषाणू आल्याच्या भोंग्याची, बोंब चालू, स्वतःच्याच डीएनएला विषाणू समजून. ल्युपसचं तू कळवलंस आणि मी 'काळजी घ्या' एवढंच पाठवलं. ती मलेरियाची गोळी चालू असेल तर डोळे तपासत जा. पोरीचं अ‍ॅडमिशन झालं?

पाचवा डोस गुरुवारी. अप्पांनी संडासात स्टूल मागितलंय. बसायला नाही म्हणे, पेपर ठेवायला.

तुझा,
बाळ्या